वायर दाराखालून

इकबालभाई गेल्याचं मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं. गावाच्या ग्रुपवर त्यांचा एक जुना फोटो, खाली हात जोडलेली चित्रं, आणि त्याखाली कुणीतरी लगेच एक गाणं चिकटवलं होतं... ‘त्यांच्या घरातलं गाणं, जगभर गाजलेलं.’ मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. ते गाणं कसं गाजलं हे घनसावंगीत नीट माहीत असणारी आम्ही तिघंच होतो. त्यातला एक आता गेला होता.

इकबालभाईंचा धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा. पंचक्रोशीतलं लग्न असो, उरूस असो की सप्ताह, कर्णे त्यांचेच. जन्मभर त्या आवाजाशेजारी उभं राहून एक कान गेलेला. धंदा मुलाच्या हाती आला तसा त्यांनी घरामागच्या सामानाच्या खोलीत भलताच उद्योग मांडला. भिंतींवर मंडपाच्या जुन्या कनाती दुहेरी टांगल्या, पत्र्याखाली गाद्या बांधल्या, खाली सतरंज्या. एक चांगला माईक आणला, तो कॉम्प्युटरला जोडायची छोटी पेटी आणली आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून रेकॉर्डिंग शिकले. मी हौशी बासरीवाला. शाळेच्या गॅदरिंगसाठी एक धून हवी होती म्हणून गेलो, आणि मग जातच राहिलो.

“सर, फुंक माईकवर न्हाई मारायची. माईक जरा बाजूला घेऊ, बोटांकडं,” ते म्हणायचे. “आन आवाज कमीच घेऊ. कमी असला तर मागून वाढवता येतो. फाटला की फाटला.” मी चुकलो की ते पुन्हा घ्यायला लावत. कितीदाही. जांबचे दोन भजनी बुवा, इथला एक कव्वाल, अशी माणसं यायची; कुणाला कंपनी काढायची नव्हती, कुणाला टीव्हीवर जायचं नव्हतं. आपला आवाज एकदा स्वच्छ ऐकावा, एवढीच हौस.

पण ही खोली त्यांनी खरं म्हणजे रझियाभाभींसाठी केली होती. हे मला फार उशिरा कळलं. भाभी स्वयंपाकघरात गुणगुणायच्या आणि कुणी आलं की गप्प व्हायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी नवऱ्यासमोरसुद्धा त्या पूर्ण गाणं गायल्या नव्हत्या. नात झाली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी एक लोरी जुळवली, अर्धी दखनी, अर्धी मराठी. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. इकबालभाईंनी माईकसमोर भाभींच्या ओढणीचा तुकडा ताणून बसवला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फुटू नयेत. वायर दाराखालून बाहेर काढली आणि दार लावून स्वतः ओसरीवर हेडफोन घालून बसले. आत भाभी एकट्या. मी ओसरीवर इकबालभाईंसमोर बसलेलो. त्यांचे डोळे भरून आले तरी त्यांनी मला हेडफोन दिला नाही. “तिला विचारून मंग देतो सर,” म्हणाले. चार दिवसांनी परवानगी मिळाली. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

नात पुण्याला, म्हणून त्यांनी ती लोरी आपल्या छोट्याशा चॅनलवर टाकली. घरचीच माणसं ऐकत होती. काही महिन्यांनी तीच लोरी कुठल्याशा शहरातल्या एका मोठ्या चॅनलवर आली. खाली ढोलकी घातलेली, आवाज जरा बारीक केलेला, आणि पडद्यावर कॉम्प्युटरनं बनवलेली एक गोरीपान तरुणी ओठ हलवते आहे. पारंपरिक लोकगीत म्हणे. लाखो लोकांनी ऐकलं. मागोमाग इकबालभाईंनाच नोटीस आली, की हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे, तुम्ही चोरलं आहे. त्यांनी हरकत घेतली, ती फेटाळली गेली. शेवटी त्यांचा चॅनलच बंद झाला.

त्यांनी त्या मोठ्या चॅनलवाल्याचा नंबर मिळवला. माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

“साहेब, ती माझ्या बायकोची लोरी हाय. मूळ फाइल माझ्याकडं हाय.”

“चाचा, फाइल तर कुणीबी बनवतं. रजिस्टर केलं होतं का?”

“घरातलं गाणं रजिस्टर करतेत का?”

“मग झालं तर. उलट तुमच्या गावाचं गाणं आम्ही जगाला ऐकवलं.” फोन बंद झाला.

गावाला त्याचा अभिमान वाटला, हे मला आजही गिळता येत नाही. लोक येऊन हात मिळवायचे. ‘चोरलंय हो,’ असं इकबालभाई सांगायचे, तर लोक हसून म्हणायचे, “जाऊ द्या ना, नाव तर झालं.” कुणाचं नाव? भाभींचं तर कुठंच नव्हतं. एका लग्नात तर त्यांच्याच कर्ण्यांवरून ती ढोलकीवाली लोरी वाजली आणि पोरं नाचली. मी तिथं होतो. इकबालभाई ॲम्प्लिफायरपाशी उभे होते, हात बटणाजवळ. “बंद करा की,” मी म्हणालो. “लेकीचं लग्न हाय त्यांच्या. त्यांचा काय गुन्हा?” म्हणाले, आणि गाणं संपेस्तोवर उभेच राहिले.

भाभींनी त्यानंतर गाणं सोडलं. स्वयंपाकघरातलं गुणगुणणंही. इकबालभाई जालन्याला वकिलाकडे हेलपाटे घालत होते, जीपमध्ये मांडीवर कॉम्प्युटर घेऊन. अशाच एका दुपारी घरी आले, खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल. मयतीला अंगणात बसलो होतो तेव्हा एका भल्या माणसाचा मोबाइल वाजला, आणि रिंगटोन तीच होती. त्यानं घाईनं खिसा चाचपला. आत बायकांमध्ये भाभी बसल्या होत्या. त्यांनी ऐकलंच असणार.

चाळिसावा झाल्यावर गेलो. म्हणालो, भाभी, मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे द्या, मी भांडतो. त्यांनी मान हलवली. “न्हाई भाऊ. लई लोकांनी घेतलं ते. आता घरात राहू द्या.”

चहा पिता पिता त्या उठल्या आणि फ्रिजचं बटण बंद केलं. मग पंखा. घर एकदम गप्प झालं. फ्रिजची घरघर माईकमध्ये येते म्हणून इकबालभाई रोज या वेळी तो बंद करायला लावत, भाभींनी सांगितलं.

“गाता का मग?” मी चाचरत विचारलं.

“न्हाई.”

आम्ही उकाड्यात तसेच बसून राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी उठून फ्रिज चालू केला, आत हात घालून दुधाचं पातेलं चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, “रोज नासतं.”