सावकाश ये

आमच्याकडे माणूस गेला, तर लांबच्यांना फोनवर तसं कुणी सांगत नाही. ‘तब्येत जरा जास्त आहे, निघा’ एवढंच कळवतात. मग ते धावतपळत येतात आणि दारातला चपलांचा ढीग बघून काय ते समजतात. या पद्धतीचा मला पहिल्यापासून राग आहे. कोरोनाच्या त्या हिवाळ्यात हेच खोटं गाडीत घालून मला हॉलंडमधल्या एनस्खेडेहून स्किपोल विमानतळापर्यंत न्यायचं होतं, आणि रस्ताभर बर्फ होता.

सासूबाई माझ्या बाळंतपणाला आल्या आणि विमानं बंद झाल्यानं आमच्याकडेच अडकल्या. पुढे विमानं सुरू झाली, पण त्यांचं वय आणि बीपी बघून मुलगा पाठवेना. अमरावतीला सासरे कोरोनानं ऑक्सिजनवर गेले, तेव्हा कुठे घाईघाईनं तिकीट काढलं. निघायच्या दिवशी सकाळी नवऱ्यानं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच सांगितलं, “बाबा गेले. आईला बोलू नकोस. तिकडे पोचली की दादा सांगेल.”

त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आई पलीकडच्या खोलीत बॅग बंद करत होती, म्हणून बिचाऱ्यानं सगळं गिळून टाकलं होतं.

“अरे, मग आज जायचं कशाला?” मी म्हणाले. “ट्रेन बंद आहेत. घराबाहेर पडू नका म्हणून सरकार ओरडतंय. आणि बाबांना तर घरीसुद्धा देणार नाहीत ना?”

“नाही. महापालिकेचे लोक दुपारी परस्पर उरकतील. पण न जाण्याचं कारण काय सांगू तिला? काल दादा तिला म्हणालाय, बाबा तुझी वाट बघतायत.”

म्हणजे एक खोटं टिकवायला आम्ही दोघींनी बर्फात उतरायचं! नवऱ्याला गाडी येत नाही, तो युनिव्हर्सिटीत सायकलनं जातो. लायसन्स माझं. त्यामुळे गाडीही मीच चालवायची आणि खोटंही मीच बोलायचं. भांडायला तोंड उघडलं होतं, पण त्याचा चेहरा बघवेना. बाळाला त्याच्याकडे दिलं आणि निघाले.

बाहेर सासूबाई गाडीची काच खरवडायला लागल्या होत्या. साडीवर मुलाचं जाकीट, आणि हातात माझं स्टीलचं उलथनं, त्यांच्या भाषेत सराटा.

“अहो आई, काचेवर ओरखडे पडतील!”

“पडू दे. निघू तर दे आधी.”

दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हलवायची, क्लच अलगद सोडायचा, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायचं, आणि घसरलीस तर ब्रेकवरून पाय काढून जिकडे जायचंय तिकडे बघायचं. मला गाडी शिकवणाऱ्या डच बाईंनी हे सगळं घोकून घेतलं होतं. पण शिकवलं ऐन मे महिन्यात. बर्फावर मी त्या दिवशी पहिल्यांदाच जात होते. हायवेवर जेमतेम एक लेन चालू होती. कडेला एक ट्रक आडवा पडलेला, त्याच्याजवळ कुणीच नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखायला लागली.

“जरा लवकर घे ना गं,” सासूबाई म्हणायच्या.

“घेते, आई.”

“ते बघ, तो गेला पुढे. तुझंच आपलं हळूहळू. ते तिकडे वाट पाहत असतील.”

 मला माहीत होतं की आता कुणाच्याही घाईनं काही होणार नाही, आणि तरी मी ‘हो, हो’ म्हणत होते. त्यांचा रागही आला, अगदी खरं सांगते. त्यांची काही चूक नव्हती, तरी आला.

वाटेतलं आपेलडोर्न गाव यायच्या आधी गाडीच्या स्पीकरवर अमरावतीहून दिरांचा फोन वाजला. मी बटण दाबलं.

“आई, सावकाश ये हं,” ते म्हणाले. आवाज बसलेला होता. “तिकडे रस्ते खराब आहेत म्हणे. काही घाई करू नका. सावकाश या.”

फोन बंद झाल्यावर सासूबाईंनी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाल्या, “काल तर लवकर ये, लवकर ये म्हणे.”

“बर्फामुळे म्हणाले असतील.”

“बर्फ काय कालही होताच.” घाबरल्या की त्या पुरत्या वऱ्हाडीत जातात. “खरं सांग मले. गेले का ते?”

मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझा पाय ब्रेकवर पडला. गाडीची मागची बाजू सरकन फिरली. पाय काढला, कठड्याकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं, एवढंच डोक्यात होतं. गाडी अर्धवट सरळ झाली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. मागून एक टँकर हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला.

“आई, लागलं का कुठे?”

“गेले का ते?”

“हो.”

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, एकदाच. “अन् तुले माहीत होतं?”

“सकाळपासून.”

“तोंड तरी पाहायला भेटलं असतं का मले?”

“नाही, आई. दुपारीच नेतील.”

“मग कावून आणलं मले इथवर? तान्हं लेकरू घरी टाकून? आता आपण दोघी मेलो असतो ना!”

“तुमच्या मुलानंच सांगितलं!” मीही ओरडले.

“तो येडा आहे. तुले तर अक्कल आहे ना!”

मला रडू फुटलं. हात स्टिअरिंगवरच, आणि मी हुंदके देत होते. त्या मात्र रडल्या नाहीत. पदरानं माझं नाक पुसलं, तेही जरा रागानंच.

“फिरव गाडी,” त्या म्हणाल्या. “ते काही आता माझी वाट पाहून नाही राहिले. तुझं लेकरू पाहून राहिलं असन.”

मी रिव्हर्समध्ये हळूहळू गाडी ढिगातून काढली, पुढच्या एक्झिटला वळले आणि परत हायवेला लागले. मग त्यांनी घरी फोन लावायला सांगितला.

“काय झालं?” नवऱ्यानं घाबरून विचारलं.

“आम्ही परत येतो,” त्या म्हणाल्या. “मले समजलं सारं.”

“आई, मी...” तो म्हणाला.

“सकाळपासून दाबून ठेवलं असशील,” सासूबाई म्हणाल्या. “रड आता, बाळा.”

आणि तो रडला. मोठा माणूस, लहान पोरासारखा ओक्साबोक्शी, गाडीच्या सगळ्या स्पीकरमधून. मला आवाज कमी करायला स्टिअरिंगवरचा हात काढता येत नव्हता, आणि सासूबाईंनीही तो कमी केला नाही.