आण्णांची गोफण आणि थिरथिऱ्या

दादा, सटाणा स्टँडवर आण्णांना एसटीत बसवलंस, तेव्हा त्यांची पिशवी उघडून बघितली होतीस का? दोन धोतरं, एक सदरा, आईचा फोटो आणि तळाशी चक्क गोफण! अठरा वर्षांपूर्वी त्याच स्टँडवरून मी नोकरीला निघाले, तेव्हा आईनं भुईमुगाच्या शेंगा दिल्या होत्या. त्या निदान खाता तरी आल्या. नाशिकरोडच्या कॉलनीत, वीस पावलांच्या अंगणात, गोफणीचं काय करायचं?

आई गेल्यावर आण्णांचं जेवणावरचं मन उडालं, म्हणून आपणच ठरवून त्यांना इकडे आणलं. पण ते रमेनात. माझ्या घराला घर म्हणायचेच नाहीत, "तुनी कॉलनी" म्हणायचे. रोज चहा झाला की पिशवी दाराशी आणून ठेवायची. "माले आठे करमत नही व माय." मी पिशवी आत न्यायची, ते परत बाहेर आणायचे. ऑफिसात माझा जीव टांगणीला, की संध्याकाळी म्हातारा घरी सापडेल की सटाण्याच्या गाडीत! कबूल करते, एकदा तर पिशवी कपाटात कोंडून मी कुलूप घातलं.

ऑक्टोबरात मागच्या उंबरावर भोरड्यांचा, कणसं फस्त करणाऱ्या त्या पाखरांचा, थवा उतरला. राखायला बाजरी नाही, पण आण्णांना पन्नास वर्षांची सवय! मी गॅसपाशी होते, तेवढ्यात बाहेर आरोळी, "हाऽऽ हाऽऽ हुर्रर्र!" पाठोपाठ ठण्णकन आवाज. गोफणीतला दगड शेजारच्या पाण्याच्या टाकीवर. शेजारच्या बाई, निवृत्त शिक्षिका, गळ्यात दुर्बीण, तरातरा आल्या. म्हटलं, झालं! आता भांडण. पण टाकीचं त्यांना काहीच नव्हतं.

"अहो आण्णा, महिनाभर वाट बघत होते मी या पाखरांची, आणि तुम्ही उडवून लावलीत?"

"वाट बघता?" आण्णांना कळेचना. "आमी तर जलमभर हाकलत आलो, बाई!"

बाईंनी शिक्षा सुनावली. रोज सकाळी सातला अंगणात बसायचं आणि पाखरं दाखवायची. शिक्षा कसली, लॉटरीच! शेतात माळ्यावर बसून तयार झालेली नजर ती. बाई दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत आण्णा बोट दाखवून मोकळे. एके दिवशी आमच्याच कंपाउंडच्या भिंतीवर थिरथिऱ्या आला. काळपट अंग, विटकरी पोट, शेपटी सारखी थरथरती. बाई म्हणाल्या, हा पार हिमालयाकडून येतो आणि बहुधा दरवर्षी त्याच जागी उतरतो.

आण्णा उठून भिंतीजवळ सरकले. मग म्हणाले, "इतक्या लांबून? अन् एकटाच?"

त्या दिवशी त्यांनी दुसरी भाकरी मागितली. दादा, मी ओट्यापाशी उभी राहून रडले.

फाल्गुनात थिरथिऱ्या गेला, तसे आण्णाही तुझ्याकडे आले. गोफण मात्र इथे खिडकीच्या गजाला लटकत राहिली. तेवढ्या आशेवर उन्हाळा-पावसाळा काढला मी, पण मनात धाकधूक होतीच. तुझं अंगण, तुझी पोरं, आईची तुळस सोडून आण्णा कशाला परत येतील?

यंदा ऑक्टोबर लागला आणि मी रोज भिंतीकडे बघू लागले. पाखराचा पत्ता नाही. शेवटी राहवेना. फोन लावला आणि धडधडीत खोटं बोलले, "आण्णा, तो आला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा फाटकात हजर. आधी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली मान घातली.

"खोटं बोलनी ना?" आण्णा हसायला लागले. "ऱ्हाऊ दे. पिशवी ते मी तुना फोनना आधीच भरी ठेयेल व्हती."

थिरथिऱ्या पाच दिवसांनी आला. बाई दुर्बीण शोधत होत्या, मी चहा गाळत होते. आण्णा भिंतीजवळ उभे राहून त्याला रागावत होते.

"उशीर झाया रे भो तुले! मी ते कवयना घर येल शे."

दादा, घर म्हणाले ते. मी ऐकलं.