चिठ्ठ्या आहेत, नावं नाहीत

शनिवार, सरकारी तूर खरेदीच्या नोंदणीचा शेवटचा दिवस. हजर: मी — केंद्रप्रमुख; कॉम्प्युटरवर शबाना; दाराबाहेर मेडशी-किन्हीराजा गावांकडची शंभरेक माणसं. हजेरी मी अशीच लिहितो. पण त्या दिवशी खरं काय झालं, ते आजवर कुणालाच सांगितलं नाही — बायकोलाही नाही.

आमचा कॉम्प्युटर प्रत्येक नोंद आधी आपल्या जर्नलमध्ये — म्हणजे रोजवहीत — टिपायचा. ती डिस्कवर पक्की उतरली की मगच नंबराची चिठ्ठी निघायची. लाईट गेली तरी त्या वहीवरून सगळं सावरतं. मला माहीत नव्हतं का? मीच शबानाला शिकवलं होतं.

पण रांग हलेना. शबाना म्हणाली, "सर, दहा नोंदी एकसाथ पक्क्या करू, मंगच चिठ्ठ्या देऊ. लोकं थांबतीन तेवढं."

उपाय बरोबर होता. वेगही मिळाला असता, नोंदही राहिली असती. पण तो तिला सुचला, मला नाही — एवढंच खुपलं. ती जेवायला गेली आणि मी नोंद पक्की होईपर्यंत थांबण्याची अटच काढून टाकली. रांग धावायला लागली. "वा साहेब!" कुणीतरी म्हणालं. मी हसलो.

शबाना परत येऊन कामाला बसली आणि तासाभरात लाईट गेली. मशीन परत सुरू झालं तेव्हा शेवटची अठरा नावं गायब होती. मोजणी मागे गेली, तेच नंबर पुढच्या अठरा जणांना गेले. मी ते पाहिलं — आणि रांग तशीच चालू ठेवली. संध्याकाळी सेटिंग गुपचूप पूर्ववत केली.

मापाच्या दिवशी किन्हीराजाच्या वच्छलाबाई तुरीचा टेम्पो घेऊन आल्या. त्यांच्या नंबरावर दुसऱ्याचं नाव. "चिठ्ठी माह्या हातात हाये, साहेब. मंग मी कोठी गेली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय केलं? शबानाकडे बोट दाखवलं. म्हणालो, सेव्ह न करताच चिठ्ठ्या दिल्या हिनं.

तिनं मशीन उघडून सगळं तपासलं. सेटिंग जागच्या जागी होती. मग ती स्वतःवरच शंका घ्यायला लागली — "सर, माह्याकडूनच झालं असंन का?"

मी मान हलवली. होकारार्थी.

पुढच्या सोमवारी त्या खुर्चीवर दुसरं कुणी होतं. अहवाल माझ्या अक्षरात आहे: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. आता त्या अहवालाच्या दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलंय. विषय लिहून झाला — खाली तिचं नाव आलं की पेन थांबतं.