मोकळ्या जमिनीवरचा मांडव

ओल्या सतरंजीचा वास आला की मला काही वर्षांपूर्वीची ती पौर्णिमा आठवते आणि हसू आवरत नाही. मुरुडच्या वाटेवरच्या आमच्या गावात किनाऱ्यावर खासगी बोट क्लब व्हायचा होता. कोळी जिथे होड्या ओढून ठेवत, ती वाळू नकाशात ‘मोकळी जमीन’ म्हणून रंगवली होती, आणि जनसुनावणीही तिथेच ठेवली होती. मांडव-खुर्च्यांचं कंत्राट माझं. सकाळी ओहोटीला मी बांबू रोवत होतो, तेव्हा एक कोळीण मावशी जवळ येऊन म्हणाली, “आज पुनव हाय, ठाव हाय ना रे?” मी नुसती मान हलवली आणि दोरी आवळत राहिलो. अकराला सुनावणी घ्यायला जिल्ह्याचे साहेब आले. आमची माणसं एकेक उठून मुद्दाम लांबण लावत बोलत होती आणि माझे डोळे मागच्या फेसावर. बाराच्या आत पहिली लाट सतरंजीखाली शिरली, दुसरीनं साहेबांचे बूट भिजवले, तिसरीनं तर रिकाम्या खुर्च्याच उचलल्या. बायका टाळ्या पिटत होत्या, कोणी शिट्ट्या मारत होतं. साहेब टेबलावर चढून माझ्यावर ओरडले, “इथं पाणी येतं, सांगता येत नव्हतं?” मी हात जोडले. “साहेब, नकाशात तर मोकळी जमीन लिहिलीय.” वाद अजून मिटलेला नाही. परवाच पुढच्या सुनावणीच्या खुर्च्यांची ऑर्डर आली. या वेळी जागा साहेबांनी स्वतः निवडली आहे: शाळेची गच्ची.