सुकटीचा वास आणि काकूंचा कप

आत्ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीच्या घरी नुकतीच जेवायला बसले होते. बेळगावजवळच्या पिरनवाडीची तिची शेजारीण रडत रडत सांगत होती, "सकाळी दार उघडलं न्हाय म्हून ढकलून बघितलं गं, तर..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. ताटात भाकरी आणि भाजलेली सुकट होती. हात धुऊन तशीच निघाले, पण बेळगाव येईपर्यंत बोटांना वास येत राहिला. बसमध्ये मला रडू फुटलं ते त्या वासानेच.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, सुमन. सरकारी दवाखान्यात नर्स होती, लग्न केलं नाही. नोकरी लागली तेव्हा बेळगावात खोली शोधताना तिच्या चपला झिजल्या. शेवटी वडगावात, मागाच्या खडखडाटात, एका विणकर घराच्या मागच्या अंगाची खोली मिळाली. त्या घरात अंडंसुद्धा येत नसे. घरमालकीण काकूंनी तिचं आडनाव ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मांस-मच्छी करत न्हाईस न्हवं?" आत्ती म्हणाली, "करनार न्हाय." आमच्या बौद्धांच्या घरांत या प्रश्नाचा अर्थ पोरासोरांनाही कळतो. ती हसून सांगायची, "जात इचारली न्हाय बघ, खानं इचारलं. वाट येगळी, गाव त्योच."

पण शब्द दिला म्हणजे दिला. सुट्टी असली की ती निपाणीला आमच्याकडे यायची. आई तिच्यासाठी सुकट भाजायची, कांदा आणि लाल तिखट घालून, आणि आत्ती पाटावर मांडी घालून अशी जेवायची की बघत राहावं. जेवण झालं की साबणाने हात, मग लिंबाची फोड बोटांवर, मग केस धुणं, आणि बसला जायच्या आधी लुगडंसुद्धा बदलायची. मी कॉलेजात होते, अंगात रग होती. म्हटलं, "आत्ती, तिथं शिजवत न्हाईस ते ठीक हाय. हितं खाल्लेलं बी धुऊन जायाचं व्हय?" ती वेणी घालता घालता म्हणाली, "त्येंच्या घरात वास बी नगं गं न्यायला. उद्या कुनी म्हनू ने, ह्या लोकांचा शब्द असलाच." ह्या लोकांचा... एका माणसाने भाकरीसोबत काय खावं यात सगळ्या जमातीची अब्रू तिला वाहावी लागत होती. ते ओझं तिने कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र ते तेव्हाही सहन होत नव्हतं.

पुढे तिने पिरनवाडीत स्वतःचं घर बांधलं. गवंडी म्हणाला, स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बोळात काढू. आत्तीने ती रस्त्याकडे काढून घेतली, चांगली रुंद. राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी खिडकी सताड उघडून तिने तव्यावर सुकट टाकली. समोरच्या दोन घरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, खिडक्या धाडधाड बंद झाल्या. आत्ती उलथनं हलवत गुणगुणत होती. तिला इतकं खुशीत मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही फारशी नाही.

गंमत अशी, की वडगावच्या काकू तिला भेटायला त्या घरी यायला लागल्या. नातवाच्या स्कूटरवर मागे बसून यायच्या, स्वयंपाकघरातच बसायच्या आणि चहा घ्यायच्या. फक्त चहा. इतक्या वर्षांत एक पोहाही तोंडात टाकला नाही. आत्तीने त्यांच्यासाठी एक कप, एक पातेलं आणि एक गाळणी वरच्या फळीवर वेगळी ठेवली होती, त्यांना मासळीचा हात लागत नसे. मी चिडायचे, "अजून त्येंचे नियम पाळतीस व्हय? ह्ये तुझं घर हाय!" त्यावर ती म्हणाली, "माझं हाय म्हूनच. त्येंनी माझं ताट नाकारलं. मी बी त्येंचं नाकारलं तर माझ्यात आन् त्येंच्यात फरक काय ऱ्हायला गं?" तेव्हा मला हे पटलं नव्हतं. आजही पुरतं पटलेलं नाही.

आता घर माझ्याकडे आलंय. मी निपाणी सोडू शकत नाही, म्हणून ते भाड्याने द्यायचं ठरवलं. परवा भांडी आवरायला गेले होते, तर काकू आल्या. गुडघे धरलेत, म्हणून मातीला येता आलं नव्हतं. मी वरचा कप काढला, चहा ठेवला. तेवढ्यात एजंटाचा फोन आला. तो मोठ्याने बोलतो, सगळं बाहेर ऐकू जातं. "मॅडम, फॅमिली लई चांगली हाय. फक्त इचारत्यात, ह्या किचनमधी कवा नॉनव्हेज शिजलंय काय? न्हाय म्हनून टाका. कोन बघाय येतंय?"

खरं सांगते, मला राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो, आणि या एका प्रश्नाला उत्तरं देऊन देऊन मी थकलेय. 'नाही' म्हटलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. मेलेल्या माणसाला काय कळणार होतं? पण त्या एका शब्दाने आत्तीचे या घरातले सगळे रविवार पुसले गेले असते. लिंबाची फोड मी तिच्या बोटांवर पुन्हा चोळल्यासारखं झालं असतं.

"शिजलंय," मी म्हटलं. "दर रविवारी."

पलीकडून "बघतो, सांगतो" झालं. त्याचा फोन परत आला नाही.

काकू कपात बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "सांगायचं हुतंस त्याला... मी हितं च्या पितो म्हून." मला हसू यावं की रडू, कळेना. त्यांच्या दृष्टीने ते केवढं तरी होतं. आत्तीच्या ताटापर्यंत मात्र ते पोचत नव्हतं.

त्या उठायच्या बेतात होत्या. मी त्यांच्यासमोरच डब्यातली उरलेली सुकट काढली, तवा तापत ठेवला आणि खिडकी उघडली. वास उठला तसा काकूंनी पदर नाकाला लावला. पण परत खाली बसल्या. बाहेर नातू हॉर्न वाजवत राहिला, त्या हलल्या नाहीत. सुकट पुरती भाजून होईपर्यंत, पदराआड डोळे पुसत, तिथेच बसून राहिल्या.

त्या गेल्यावर त्यांचा कप धुतला. वेगळं ठेवायचा शब्द आत्तीचा होता, माझा नव्हता. तरी तो वरच्याच फळीवर ठेवला. खिडकी मात्र येताना लावली नाही.