बाबल मेस्त्रीच्या इंजिनाची आंघोळ

मी एका चालत्या इंजिनाला आंघोळ घातली आणि ते बंद पडलं. बंद पडलं तेही ओहोटीच्या वेळी, भर खाडीत, लाँच उतारूंनी भरलेली असताना. बाबल मेस्त्रीबद्दल सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

एकोणीसशे पन्नास साल उलटून थोडी वर्षं झाली होती. आमच्या काकांची एक लाँच देवबागहून खाडीने वालावलपर्यंत जायची आणि तिचं इंजिन बाबल मेस्त्री सांभाळायचा. काटक माणूस, कमरेला पंचा, कानावर विडी. रोज सकाळी तो तेल मोजायची सळई ओढून तिच्या टोकाचा एक थेंब जुन्या कॅलेंडरच्या पानावर पाडायचा आणि ते पान खिळ्याला टांगायचा. थेंब पसरून सुकला की संध्याकाळी तो वाचायचा. मधला डाग केवढा, कड कशी, बाहेरचं तेलकट वर्तुळ किती रुंद. त्यात काय दिसतं म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "तुका डागच दिसतलो. तू शिकलेलो."

तेल घालायला त्याच्याकडे नारळाची करवंटी होती. इंजिन रोज दोन करवंट्या प्यायचं. त्याची त्याला लाज नव्हती. "म्हातारा झाला ता. पिता तर पिऊ दे."

लाज मला होती. मी मुंबईला इंजिनांच्या तेलाच्या एका दुकानात दोन वर्षं टपाल लावायची नोकरी करून आलो होतो. तिथे टाय लावलेल्या एका विक्रेत्याने मला सांगितलं होतं की नव्या तऱ्हेचं तेल इंजिन आतून धुतं, काजळी साचू देत नाही आणि इंजिनाचं तेल पिणंही कमी करतं. इंजिनाचं आतलं अंग मी तोवर पाहिलं नव्हतं, पण त्या टायवर माझा विश्वास बसला. येताना मी त्या तेलाचे दोन डबे आणले. त्याच सुमारास काकांनी बजावलं होतं की इंजिन आणखी एकदा बंद पडलं तर ते नवं घेतील, आणि नव्या इंजिनाबरोबर नवा माणूसही आणतील. म्हणजे मी बाबलला वाचवायला निघालो होतो, हे ध्यानात घ्यावं.

बाबलने डब्यावरचं सगळं माझ्याकडून वाचून घेतलं. तेल बोटांत चोळलं, हुंगलं. बरं आहे म्हणाला, पण आधी इंजिन खोलून खरवडायला हवं, मगच हे घालायचं. मला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटला. तो बहिणीकडे वालावलला दोन दिवस गेला, तेव्हा मी खालचा बोल्ट काढून जुनं तेल सोडून दिलं आणि नवं ओतलं. दोन दिवस इंजिन असं गोड चाललं की मी सुकाणूवरच्या तांडेलाला टायवाल्याचं भाषण दोनदा ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी बाबल वालावलला लाँचवर चढला. अर्ध्या वाटेवर त्याची नजर खिळ्यावरच्या पानाकडे गेली. त्याच्या जागी सकाळी मी पाडलेला थेंब डांबरासारखा काळा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. तेवढ्यात इंजिन खाकरलं आणि थांबलं.

पाणी आम्हाला खाडीच्या मुखाकडे, समुद्राकडे ओढू लागलं. बाबलने नांगर टाकला आणि तो तळाला धरेपर्यंत दोर पायाखाली दाबून उभा राहिला. मग इंजिनाखालची तेलाची गाळणी काढून माझ्यासमोर धरली. जळलेल्या गुळाच्या पाकासारखं काहीतरी तिच्यावर थापलेलं होतं.

"तेलाचो दोष नाय, मेल्या. वीस वर्सांचो मळ तू दोन दिसांत सोडवलंस. मगे तो जातलो खंय?"

होड्यांनी ओढून आम्हाला किनाऱ्याला लावलं. कुणी बुडालं नाही. काकांनी निरोप पाठवला की बाबलने पाने-पकडी जमा करून घरी जावं. बाबल पाने पुसू लागला. माझं नाव त्याने घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही. दुपारी मी बांगड्याचं तिखलं दोनदा वाढून घेऊन जेवलो. हात धुतल्यावर मात्र काकांसमोर जाऊन सगळं सांगितलं. काकांनी बाबलला इंजिन दुरुस्त करायला पंधरा दिवसांची मुदत दिली. मला त्याच्या हाताखाली घातलं.

नऊ दिवस आम्ही ते इंजिन खरवडत होतो. पिस्टनच्या रिंगा काजळीने खाचांत चिकटून बसल्या होत्या. तेल वर चढून जळायचं ते त्यामुळे. बाबलने त्या रॉकेलमध्ये भिजवून सोडवल्या, जाम झालेलं बेअरिंग बदललं, सगळं पुसून जोडलं आणि मग माझ्याकडे हात केला. मी पाना दिला. त्याला उरलेला डबा हवा होता.

त्याच तेलावर इंजिन पुढे कित्येक वर्षं चाललं. एक करवंटी चार दिवस पुरू लागली. आठवड्यातच थेंब पुन्हा काळा दिसला, तेव्हा मी पान घेऊन धावत गेलो. बाबल गाळणी धूत होता. ती तो आता दर आठ दिवसांनी धुवायचा. "काळा पडता म्हणजे मळ अंगावर घेता," तो म्हणाला. "तेल साफच रवला, तर ता काम काय करता?" दोन वर्षांनी इंजिन पुन्हा खोललं, तर रिंगा बोटाने फिरत होत्या. त्याने मला त्या फिरवून बघायला लावल्या. कौतुक तेलाचं केलं, माझं नाही.

शेवटी शेवटी तो बहिणीकडे वालावललाच असायचा. पाय सुजलेले, धाप लागायची. मी भेटायला गेलो तेव्हा मुंबईहून मागवलेली औषधाची बाटली घेऊन गेलो. रक्त आतून साफ करतं, असं मी त्याला समजावू लागलो. त्याने ती उजेडात धरली, बूच काढून हुंगली, एक थेंब बोटांत चोळला आणि बाटली परत माझ्या हातात दिली.

"थंय खिडकीत ठेव. माजो मळच माका धरून आसा. आणि तुजी धुवची रीत मी एकदा बघलंय."