घंटी थांबली की दूध ओतायचं

आमच्या पवनारच्या घरी मलई काढायची हाताची मशीन आहे. तिच्या दांड्यात एक घंटी बसवलेली आहे. दांडा फिरवायला लागलं की प्रत्येक फेऱ्याला घंटी वाजते, आणि वेग पुरेसा झाला की गप्प होते. ती गप्प झाल्याशिवाय वरच्या भांड्यात दूध ओतायचं नाही, नाहीतर मलई दुधातच राहते. लहानपणी मला हे सगळं उफराटं वाटायचं. शाळेत काय, देवळात काय, घंटी वाजली की काम सुरू. आमच्याकडे ती बंद पडली की काम सुरू.

बाबा लोणी आणि तूप विकायचे. मशीनला दोन तोट्या. एकीतून मलई येते, दुसरीतून उरलेलं पातळ दूध. त्याला आमच्याकडे सेपरेट म्हणतात. ते स्वस्तात जायचं, कढीला, चहाला, कुणाच्या वासराला. सेपरेटच्या डब्याच्या गळ्याशी बाबा लाल फडकं बांधून ठेवत, म्हणजे कोणी फसायला नको. फडकं दिसत असलं तरी माप घालताना तोंडानंही सांगत, की बाई, हे सेपरेट आहे. जी बाई वर्षानुवर्षं तेच नेत होती, तिलाही रोज सांगत. ती वैतागायची आणि मीही वैतागायचे. माझं डोकं लवकर तापतं आणि बाबांचं कधीच तापलं नाही, त्यामुळे आमच्या घरात भांडण एकतर्फीच व्हायचं.

मशीन चालते कशी, हे त्यांनी मला गोफणीवरून सांगितलं होतं. गोफण गरगरा फिरवली की दगड बाहेर पळायला बघतो. दुधाचंही तसंच. जड ते कडेकडे पळतं, हलकी मलई मध्याशी राहते, आणि दोघांना निघायला वेगवेगळ्या वाटा करून दिल्या की झालं. दूध नुसतं ठेवलं तरी साय वर येतेच, पण रात्रभर वाट पाहायला लावते. मशीन तेच काम चहा उकळेपर्यंत उरकते. पुढे मी लॅबचा कोर्स केला तेव्हा पुस्तकात याहून वेगळं काही निघालं नाही, फक्त वेगाचे आकडे मोठे होते. साखर कारखान्यात साखरेपासून मळी अशीच वेगळी करतात. कपडे धुवायच्या मशीनमधलं पाणी असंच बाहेर फेकलं जातं. संशोधनवाले तर इतक्या वेगानं फिरवतात की पेशीच्या आतलं सामानही थराथरानं निवडून निघतं.

मी एका मोठ्या दवाखान्याच्या रक्तपेढीत नोकरी करते. आमची मशीन आडव्या पाडलेल्या कपाटाएवढी, आणि तिचं पोट थंड राहतं. आत गोलाकार भांडी टांगलेली असतात. त्यांत रक्ताच्या पिशव्या उभ्या ठेवायच्या, आणि समोरासमोरची भांडी तराजूवर तोलून सारख्या वजनाची करायची. कमी पडलं तर रबराच्या चकत्या घालायच्या. वजनात फरक राहिला तर मशीन धडधडते, जागची सरकायला बघते. पहिल्यांदा हळू फिरवायचं, म्हणजे लाल पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळं पाणी राहतं. त्या पाण्यात प्लेटलेट असतात, रक्त थांबवणाऱ्या. ते वरचं दुसऱ्या पिशवीत दाबून घ्यायचं आणि परत जोरात फिरवायचं, म्हणजे प्लेटलेटही खाली बसतात. फिरणं संपत आलं की ब्रेक मारायचा नाही. मशीन आपोआप थांबू द्यायची. घाई केली तर थर मोडतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

बाबांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा आम्ही दातांच्या डॉक्टरकडे गेलो. मग पायांवर निळे-जांभळे डाग आले. हाडातल्या मगजानं रक्त बनवणं सोडलंय, असं आमच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. या वयात मोठा इलाज झेपणार नाही, प्लेटलेट देत राहू, जितकं निभेल तितकं निभेल. मी हो म्हणाले आणि जिना उतरून कामावर गेले. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे कळत होतं, पण काही वाटत नव्हतं. मी भांडी तोलली, झाकण लावलं, बटण दाबलं. बाबांसाठीची पहिली पिशवी मीच तयार केली. सोबतची बाई म्हणाली, मी करते, तू बस. बसून काय करणार होते?

पिशवी वॉर्डात गेली आणि थोड्या वेळानं नर्सचा फोन आला, की तुमचे वडील घेत नाहीत.

मी वर गेले. बाबा पलंगावर मांडी घालून बसले होते आणि टांगलेल्या पिवळ्या पिशवीकडे बघत होते. त्यांनी मला आधी विचारलं, की हे मशीनवर काढलं का. मी हो म्हटलं. दोन तोट्या का, म्हणाले. तसंच समजा, म्हटलं. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला.

"मंग ते उरलेलं लाल कोनाले देता?"

"ज्याले लागते त्याले, बाबा."

"त्याले सांगता का, का याच्यातली मलई काहाडून घेतली म्हून?"

मी म्हटलं, प्रत्येक पिशवीवर छापलेलं असतं. ते म्हणाले, कागद कोण वाचतं. मी म्हटलं, डॉक्टर वाचतात. ते म्हणाले, रक्त डॉक्टरच्या अंगात जातं का. उत्तर बरोबर होतं म्हणून मला जास्तच राग आला. हिरड्यांतून रक्त गळतंय आणि माणूस सेपरेटचा हिशोब मांडतोय. आई पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. नर्स मला खुणावत होती की पिशवी फार वेळ अशी ठेवता यायची नाही.

"मी कोनाले न सांगता सेपरेट पाजलं नाई आजवर," बाबा म्हणाले. "आता मरताना काऊन पाजू?"

मरताना हा शब्द आमच्यात पहिल्यांदा निघाला. मी तोही ऐकून घेतला.

त्याच रक्ताची लाल पिशवी बाळंतिणींच्या वॉर्डात गेलेली होती. मी तिकडे गेले. नावं सांगायची नसतात, ती मी सांगितली नाहीत. ज्या पोरीला ती चढत होती तिची सासू, समुद्रपूरकडची, दाराशी पदर तोंडाला लावून बसली होती. मी तिला म्हटलं, की तुमच्या सुनेला जे रक्त चढतंय त्यातलं थोडं काढून दुसऱ्या एका म्हाताऱ्याला देतोय, तो म्हातारा म्हणतो तुम्हाला सांगितल्याशिवाय घेणार नाही. दवाखान्यात असलं काही कोणी सांगत नाही. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बहुतेक तिला वाटलं, ही बाई भ्रमिष्ट आहे.

"आमाले लालच पाह्यजे होतं," ती म्हणाली. "पोरीचं तोंड पांढरं फटक पडलं होतं, आता पाहा. त्याले म्हना, घे बाप्पा."

हे मी जसंच्या तसं बाबांना येऊन सांगितलं. म्हटलं, यात सेपरेट कोणतंच नसतं. तिच्यासाठी लाल तीच मलई, तुमच्यासाठी ही. त्यांनी ते तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिलं आणि हात पुढे केला.

त्यानंतर दर वेळी पिशवी टांगली की ते विचारायचे, "सांगतलं का?" आणि मी सांगून आलेली असायचे. वॉर्डावॉर्डांतून फिरून अनोळखी लोकांना सांगायचे. कोणी हसलं, कोणी हात जोडले, एकानं मला पैसे मागायला आलीस का म्हणून हाकललं. सोबतचे म्हणाले, खोटंच सांग की, त्यांना काय कळतंय. पण त्यांना कळलं असतं. बाबा दूध घालायला येणाऱ्याच्या चेहऱ्यावरून दुधातलं पाणी ओळखायचे.

मग पिशव्या अंगाला लागेनाशा झाल्या. सकाळी चढवलेलं संध्याकाळी तपासात दिसायचं नाही. डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच मला कळलं. तरी मी पिशव्या करत राहिले. इतके दिवस एवढ्या वेगानं फिरत होते की आत काही वाजतच नव्हतं. लोक म्हणायचे, पोरगी खंबीर आहे. मला वाटायचं, खंबीर कसली, बधिर आहे.

बाबा गेले त्या दुपारी त्यांच्यासाठी केलेली शेवटची पिशवी रक्तपेढीतल्या झुल्यावर हलत होती. प्लेटलेट सारख्या हलवत ठेवाव्या लागतात, आणि पाच दिवसांच्या आत वापराव्या लागतात. त्यांचं सगळं उरकून मी कामावर परतले तेव्हा ती अजून चांगली होती. डेंग्यूच्या एका पेशंटसाठी मागणी आली. मी बाबांच्या नावाची चिठ्ठी काढली, दुसरी लावली, पिशवी वर पाठवली. मग सवयीनं वॉर्डात गेले. पेशंटच्या बायकोनं विचारलं, की हे असं पिवळं काय, रक्त कुठंय? मी म्हटलं, ही मलई आहे, ज्याच्यासाठी काढली होती त्याला आता लागत नाही. ती बरं म्हणाली. मी जिना उतरून खाली आले, आणि ‘सांगतलं का’ म्हणून मला कोणी विचारलं नाही.

त्यानंतरच्या सुटीच्या दिवशी बसनं पवनारला गेले. आईनं मशीन धुऊन जोडून ठेवली होती. दूध आलंय, खांदा दुखतोय, तू दांडा फिरव, म्हणाली. मी फिरवायला लागले. घंटी वाजली, वाजत राहिली, मग गप्प झाली. आईनं दूध ओतलं. इकडून मलई आली, तिकडून सेपरेट. दूध संपलं तसा मी दांडा सोडला.

वेग उतरला आणि घंटी परत वाजायला लागली. उतरताना ती वाजते हे मी लहानपणापासून हजारदा ऐकलं असेल. आज ती मला ऐकवेना. बाबा गेले, मला बाबा पाहिजेत, एवढं एकच कळत होतं. ती घंटी बंद करावी म्हणून मी दांडा धरायला हात पुढे केला.

"हात नको लावू," आई म्हणाली. "थांबते ते आपोआप."

मी हात मागे घेतला. घंटी वाजत होती आणि मी रडत होते. आईनं लाल फडकं घेतलं आणि सेपरेटच्या डब्याला बांधलं.